रोटाची मूठ

नागपंचमी झाली की येणाऱ्या रविवारी खानदेशात कानबाई बसते. यंदा त्याआधीच्या शुक्रवारी मी उधन्याच्या फलाटावर भुसावळकडे जाणाऱ्या गाडीची वाट पाहत उभी होते. नवापूर, नंदुरबार, दोंडाईचा, शिंदखेडा, अमळनेर, धरणगाव, जळगाव अशी ही तापीच्या अंगानं जाणारी लाईन. सुरतेच्या लूमवर, डाइंगच्या मिलांत आणि साडीच्या दुकानांत राबणारा निम्मा खानदेश याच लाईनीनं ये-जा करतो. गाडी आली तेव्हा डब्यात पाय ठेवायला जागा नव्हती. रात्रपाळी संपवून तसाच चढलेला एक पोरगा दाराशी पिशवीवर बसला होता. गाव शिरपूरकडचं, वय असेल बावीस-तेवीस. पिशवीत आईसाठी साडी आणि कानबाईसाठी हिरव्या बांगड्या होत्या.

"दिवाळीले नही उनू तरी चाली जास," तो म्हणाला, "रोटले मातर यावंच लागस."

मी विचारलं, तुझा देवावर विश्वास आहे का? तो थोडा वेळ बाहेर बघत राहिला.

"देव शे का नही, ते माले काय माहीत. पन मनी मूठ पडस ना तठे."

माझी मूठ पडते ना तिथे. 'आजच्या जगात धर्माचा काही उपयोग उरला आहे का' या विषयावर लिहायचं म्हणून मी तीन महिने धुळे आणि जळगाव जिल्ह्यांत फिरले. या प्रश्नाची बरीच उत्तरं ऐकली, काही पुस्तकांतली, काही माणसांची. या एका वाक्याइतकं नेमकं दुसरं काही मला मिळालं नाही. पुढे जे लिहिते आहे ते या मुठीपासूनच सुरू होतं.

खानदेशाबाहेरच्या वाचकांना कानबाई सांगायला हवी. तिची पोथी नाही आणि मोठं देऊळही नाही. ती घरात, भिंतीशी मांडलेल्या चौरंगावर बसते. कलशावरचं नारळ हीच तिची मूर्ती. त्याला नाक-डोळे लावतात, नथ घालतात, साडी-चोळी नेसवतात. बहुतेक घरांत हे नारळ पिढीजात चालत आलेलं असतं. कानबाईच्या आधी घर झाडून-पुसून रंगवतात, भांडी उजळतात, अंथरुणं-पांघरुणं नदीवर धुऊन आणतात. दिवाळीच्या साफसफाईपेक्षा आमच्याकडे ही साफसफाई मोठी. रविवारी ती बसते, रात्रभर गाणी होतात, सोमवारी सकाळी बाया तिला डोक्यावर घेऊन वाजतगाजत नदीवर जातात. ही गाणी अहिराणीत असतात आणि ती बायांनाच येतात. माझ्या पाहण्यातल्या घरांत या पूजेला भटजी लागत नाही.

तिचा प्रसाद म्हणजे रोट. त्यासाठी गहू मोजून घेतात, आणि ते पायलीनं किंवा किलोवर मोजत नाहीत, माणसांवर मोजतात. घरातल्या एकेकाचं नाव घ्यायचं आणि मूठ टाकायची. कुणाकडे माणशी सव्वा मूठ, कुणाकडे पाच मुठी. जे सुरतेला आहेत, पुण्याला आहेत, लष्करात आहेत, त्यांचीही मूठ पडते. पाळण्यातल्या बाळाचीही पडते. या गव्हाचं पीठ दळून रोट होतात, सोबत गंगाफळाची भाजी आणि खीर. हा प्रसाद भाऊबंदकीतच खायचा, बाहेर द्यायचा नाही आणि पौर्णिमेच्या आत संपवायचा. वर्षभर बांधावरून भांडणारे, कोर्टात तारखा घेणारे चुलतभाऊ त्या रविवारी एका पंगतीला बसतात. सगळे बसतात असं मी म्हणणार नाही. पण जो येत नाही त्याची जागा दिसते, आणि पंगतीतली म्हातारी माणसं त्या जागेकडे बघून जेवतात.

करोनाच्या वर्षी गाड्या बंद होत्या, गावाच्या वेशी बंद होत्या. माझ्या आईनं फोन करून एकेकाला विचारलं, "कसा आहेस? तुझी मूठ टाकते आहे." पलीकडे पुण्यात एका खोलीत अडकलेला माझा चुलतभाऊ फोनवर रडला. तो इंजिनिअर आहे, देवाधर्माचं काही करत नाही. त्या वर्षी त्यानं आपल्या खोलीत कशाचीही पूजा केली नसणार. पण कुठेतरी एका सुपात त्याच्या नावाचे गहू पडले होते आणि ते त्याला ठाऊक होतं.

एमिल दुर्खीम या फ्रेंच समाजशास्त्रज्ञानं 1912 साली धर्मावरचा आपला मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. माणसं एकत्र येऊन जे पूजतात त्यात ती स्वतःच्या समूहालाच पूजत असतात, आणि त्या एकत्र येण्यातून त्यांना जी ऊब मिळते ती खरी असते, असा त्याच्या मांडणीचा गाभा. कानबाईच्या घरात हे ताडून पाहता येतं. सुपातले गहू म्हणजे अक्षरशः ते कुटुंब आहे, एकेका नावानं मोजलेलं. देव आहे की नाही हा वाद त्या सुपापाशी कुणी काढत नाही.

पण त्या सुपात माझी मूठ पडत नाही. लग्न झालं तेव्हापासून ती सासरच्या सुपात गेली. आमच्याकडची रीत तशीच आहे. पहिल्या वर्षी मी माहेरी असताना आईनं सगळ्यांची नावं घेतली आणि माझ्या नावापाशी न थांबता पुढे गेली. मला तेव्हा काही बोलता आलं नाही. धर्म जवळ घेतो तेव्हा तो एक रेघही ओढतो, हे मी पुस्तकात वाचायच्या आधी त्या सुपाशी शिकले.

*

अमळनेरला प्रताप तत्त्वज्ञान मंदिर आहे. श्रीमंत प्रताप शेठजींनी 1916 साली ते उभं केलं. तापीखोऱ्यातल्या या लहान गावात एकेकाळी देशातले नामांकित तत्त्वज्ञ राहायला येत. घनश्यामदास रतनमल मलकानी, रासविहारी दास आणि टी. आर. व्ही. मूर्ती या तिघांनी इथे असताना 'अज्ञान' या एकाच संकल्पनेवर ग्रंथ लिहिला. तो 1933 साली निघाला. कृष्णचंद्र भट्टाचार्य काही काळ इथे संचालक होते. ब्रह्म सत्य की जग सत्य, भासणाऱ्या वस्तूला अस्तित्व किती, हे प्रश्न इथे वर्षानुवर्षं बारकाईनं सोलले गेले. त्या कामाबद्दल मला आदर आहे.

पण अमळनेरची गोष्ट मला पुढे नेते ती एका तरुण अभ्यासकामुळे. पांडुरंग सदाशिव साने तत्त्वज्ञानाच्या अभ्यासासाठी इथे आले, आणि 1924 साली गावातल्याच प्रताप हायस्कूलमध्ये मास्तर झाले. वसतिगृहात मुलांची अंथरुणं आवरणारे, आजारी मुलाच्या उशाशी बसणारे साने गुरुजी अमळनेरचे. तत्त्वज्ञान मंदिरातून ते निघाले ते धर्म सोडून निघाले नाहीत. धर्माचं काम कुठे आहे ते त्यांना शाळेत दिसलं.

पुढे त्यांची आणि विनोबा भाव्यांची गाठ धुळ्याच्या तुरुंगात पडली. 1932 च्या जानेवारीत विनोबांना जळगावात अटक झाली आणि धुळ्याला आणलं. कायदेभंगाच्या कैद्यांनी तुरुंग भरलेला होता. जमनालाल बजाज तिथे होते, साने गुरुजी होते, खेड्यापाड्यांतले शेकडो सत्याग्रही होते. 21 फेब्रुवारीच्या रविवारी विनोबांनी गीतेवर बोलायला सुरुवात केली आणि दर रविवारी एक अध्याय घेत 19 जूनला अठरावा पूर्ण केला. साने गुरुजी समोर बसून हातानं उतरवून घेत होते. लघुलिपी त्यांना येत नव्हती. विनोबांचं बोलणं आणि गुरुजींचा हात यांचा वेग जुळला म्हणून 'गीता प्रवचने' हे पुस्तक आपल्यापर्यंत आलं. देशातल्या बहुतेक भाषांत ते गेलं आणि भूदानाच्या पदयात्रांत खेडोपाडी विकलं गेलं.

मी ते शाळेत असताना बक्षीस म्हणून मिळालं म्हणून वाचलं होतं. या वर्षी पुन्हा वाचताना वेगळंच जाणवलं. समोर पंडित बसलेले नाहीत, हे बोलणाऱ्याला क्षणभरही विसरायला होत नाही. शेतकरी, विणकर, मजूर, घर उघड्यावर टाकून आलेली माणसं त्याच्या समोर आहेत. उद्या बायको-पोरांचं काय होणार हे त्यांना माहीत नाही. अशा माणसांना तो सांगतो की दळण दळणं, सूत कातणं, झाडणं हेसुद्धा पूजेइतकंच मोलाचं होऊ शकतं. तुरुंगात दुसरं होतं तरी काय? दळणच होतं. त्या अठरा रविवारांनी त्या दळणाला अर्थ दिला. गीता नसती तर त्यांनी तुरुंगवास सोसला नसता असं मी म्हणत नाही. कितीतरी माणसांनी कसल्याही देवाशिवाय त्याहून कठीण तुरुंगवास सोसला आहे. पण धुळ्याच्या त्या माणसांना सोसण्याची भाषा हवी होती, आणि ती त्यांच्या आजीच्या, आईच्या तोंडून आधीच कानावर पडलेली होती. विनोबांनी गीतेचा समश्लोकी मराठी अनुवाद केला तोही आईनं मागितला म्हणून. त्याचं नावच 'गीताई'.

अर्थ देण्याचं हे काम धर्म अजून करतो का? मी माझ्या घरातलं सांगू शकते.

माझे वडील गेले त्याला आता सहा वर्षं झाली. पुढच्या आखाजीला त्यांची पहिली घागर भरायची होती. अक्षय्य तृतीयेला आम्ही आखाजी म्हणतो. शेताचं साल या दिवशी संपतं नि सुरू होतं, सासुरवाशिणी माहेरी येतात, झाडांना झोके बांधतात, गौराईची गाणी होतात. आणि त्याच दिवशी गेलेल्या माणसांच्या नावानं मातीची घागर भरतात. नवी घागर, तिच्यावर लहान मातीचं भांडं, वर खरबूज, सांजोऱ्या, आंब्याचा रस. माझा भाऊ ऐन उन्हात कुंभारवाड्यात गेला आणि एकेक घागर बोटानं वाजवून पाहत राहिला. वडील गेल्यापासून तो कुणाशी धड बोलला नव्हता. दवाखान्यात त्याला एक कागद दिला होता, बँकेत त्याला एक कागद मागितला होता, तलाठ्याकडे आणखी काही कागद. वडिलांसाठी हातांनी करायचं काम त्याला कुणीच दिलं नव्हतं. ते त्या कुंभाराकडे मिळालं. "यात पाणी थंड राहील ना?" असं त्यानं कुंभाराला विचारलं. कुंभार म्हणाला, "तुमच्या आजोबांची घागर माझ्या बापानं दिली होती."

गेलेला माणूस पाणी पीत नाही, हे माझ्या भावाला कळतं. तो शाळेत विज्ञान शिकवतो. तरी त्यानं घागर वाजवून घेतली. आधुनिक जगानं आमच्या दुःखासाठी औषधं काढली, विमा काढला, आणि त्याबद्दल मी कृतज्ञ आहे. वडील आणखी चार वर्षं जगले ते त्या औषधांमुळेच. पण गेलेल्या माणसासाठी आता काय करायचं, या प्रश्नाला घागरीइतकं साधं उत्तर मला दुसरीकडे कुठे दिसलेलं नाही.

*

इथवर लिहून थांबले असते तर धर्माची बाजू सोपी झाली असती. पण खानदेशात फिरणाऱ्याला चाळीसगाव टाळता येत नाही.

चाळीसगावच्या दक्षिणेला, डोंगराच्या कुशीत पाटण आहे, पाटणादेवीचं. इथल्या देवळात एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव (मुक्ताबाईंचा शिष्य चांगदेव तो वेगळा) हा यादव राजा सिंघण याचा ज्योतिषी. त्यानं आपल्या आजोबांच्या 'सिद्धान्तशिरोमणि'सारख्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी इथे मठ काढला. 1207 साली त्या मठाला दान मिळालं. लेखाचा शेवट जुन्या मराठीत आहे आणि त्यात हिशेब दिला आहे: पाटणच्या बाजारात विकल्या जाणाऱ्या मालावर गिऱ्हाइकाकडून येणारा राजाचा कर मठाला, तेलाच्या दर घाण्यामागे एकेक पळी तेल मठाला. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात हा लेख उजेडात आणला. गणित शिकणाऱ्या मुलांच्या दिव्यात पाटणच्या तेल्याचं तेल जळत होतं, आणि ते तेल मठाच्या नावानं गोळा होत होतं. धर्म आणि विज्ञान यांचं कायम वैर आहे असं कुणी म्हटलं की मला ही पळी आठवते.

त्याच चाळीसगावात 1929 च्या ऑक्टोबरमध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर उतरले. अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांची चौकशी करायला मुंबई सरकारनं नेमलेल्या समितीचे ते सदस्य होते. धुळ्याकडच्या एका गावात सवर्णांनी अस्पृश्यांवर बहिष्कार टाकला होता, त्याची चौकशी करून ते परतत होते. चाळीसगावच्या महारवाड्यातली माणसं स्टेशनावर घ्यायला आली आणि रात्री राहण्याचा आग्रह केला. स्टेशनावर बराच वेळ गेला, टांगा येईना. शेवटी एक टांगा आला. वाटेत नदीवरच्या, कठडा नसलेल्या फरशीवर चाक दगडात अडकलं. बाबासाहेब फरशीवर फेकले गेले, पाय मोडला. घोडा आणि टांगा नदीत पडले. मागून कारण कळलं. स्टेशनावरचा एकही टांगेवाला अस्पृश्याला बसवून टांगा हाकायला तयार नव्हता. मग एकानं टांगा तेवढा दिला, आणि हाकायला महारवाड्यातलाच एक माणूस बसला, ज्यानं आधी कधी टांगा हाकलेला नव्हता. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणींत बाबासाहेबांनी हे सगळं लिहिलं आहे. त्यांचा निष्कर्ष असा आहे की पैशानं गरीब असलेला टांगेवालाही बॅरिस्टर असलेल्या अस्पृश्यापेक्षा स्वतःला मोठा समजू शकतो, कारण ते मोठेपण त्याला जन्मानं मिळालेलं असतं.

ते मोठेपण त्याला कुठून मिळालं? ज्या धर्मानं माझ्या भावाच्या हातात घागर दिली, त्याच धर्माकडून. हे वाक्य लिहिताना मला त्रास होतो, पण ते खरं आहे. पाटणच्या मठात तेल सगळ्यांच्या घाण्यांतून येत होतं. त्या दिव्याशी बसायला मात्र सगळ्यांची मुलं जात नव्हती. बाबासाहेबांनी पुढे 1935 साली येवल्याला, खानदेशाच्या उंबऱ्यावरच, हिंदू म्हणून मरणार नाही असं जाहीर केलं, आणि 1956 साली नागपूरला बौद्ध धम्म स्वीकारला. धर्माचा इतका कडवट अनुभव घेतलेल्या माणसानं धर्मच टाकून दिला नाही, दुसरा निवडला, आणि त्यासाठी एकवीस वर्षं विचार केला. धर्माची गरज आहे की नाही यावर बोलणाऱ्या प्रत्येकानं त्या एकवीस वर्षांपाशी थांबायला हवं, असं मला वाटतं.

साने गुरुजीही एका बंद दारापाशी थांबले होते. पंढरपूरचं विठ्ठलमंदिर अस्पृश्यांना खुलं व्हावं म्हणून ते गावोगाव सभा घेत हिंडले, आणि 1 मे 1947 रोजी पंढरपुरात उपोषणाला बसले. दहा दिवसांनी बडव्यांनी दार उघडण्याचं मान्य केलं. स्वातंत्र्य तीन महिन्यांवर आलं होतं. अनेकांना हा प्रश्न तेव्हा आडवळणाचा वाटला. गुरुजींना तसं वाटलं नाही.

ज्यांना दार उघडलंच नाही, त्यांनी आपली दारं स्वतः बांधली. पश्चिम खानदेशच्या भिल्लांकडे बघा. 1922 साली किनाऱ्याकडून डोंगरात एक देवी आली. ती माणसांच्या अंगात यायची आणि सांगायची: दारू सोडा, रोज आंघोळ करा, दारूवाल्याची मजुरी करू नका. हे लोण दक्षिण गुजरातेत आणि इकडे खानदेशात पसरलं. पुढे 1937 च्या सुमारास तळोद्याजवळच्या मोरवडला गुलाम महाराज उभे राहिले. हजारो आदिवासी त्यांच्या आरतीला जमू लागले, दारू-चोरी सोडू लागले, एकमेकांना 'आप की जय' म्हणून नमस्कार करू लागले. भेटणाऱ्या प्रत्येकाला 'आप' म्हणायचं. सावकाराच्या दारात 'ए' शिवाय हाक न ऐकलेल्या माणसांसाठी हा केवढा धर्म होता! गुलाम महाराज 1938 सालीच गेले, पण त्या नमस्कारानं ओळखला जाणारा पंथ राहिला. पुढे शहाद्याच्या भागात अंबरसिंग महाराजांची भजनं सुरू झाली. भजनी मंडळांतून जमलेली माणसं 1972 साली श्रमिक संघटनेच्या झेंड्याखाली जमिनीसाठी आणि मजुरीसाठी उभी राहिली. बायांनी गुत्त्यांवर जाऊन दारूची मडकी फोडली. डाव्या विचारांचे तरुण कार्यकर्ते आणि टाळ वाजवणारे भिल्ल एका मोर्चात चालले. धर्म ही गरिबांना गुंगी आणणारी अफू आहे असं शिकून आलेल्यांना तिथे भजनाच्या तालावर जागे झालेले गरीब दिसले.

*

आताच्या काळाकडे येते.

2021 साली अमेरिकेच्या प्यू संस्थेनं भारतातल्या सुमारे 30,000 प्रौढांना धर्माबद्दल प्रश्न विचारून अहवाल प्रसिद्ध केला. देवावर विश्वास आहे म्हणणारे 97 टक्के निघाले. सगळ्या धर्मांचा आदर करायला हवा असं मानणारेही मोठ्या संख्येनं होते. तरी शेजारी मुसलमान नको म्हणणारे हिंदू 36 टक्के होते, आणि शेजारी हिंदू नको म्हणणारे मुसलमान 16 टक्के. म्हणजे देव कुठे गेलेला नाही. आदरही आहे. पण सुपं वेगळी आहेत आणि शक्यतो गल्ल्याही वेगळ्याच असाव्यात.

वेगळेपणाला ठिणगी लागली की काय होतं ते आमच्या दोन्ही जिल्ह्यांनी पाहिलं आहे. 1970 च्या मे महिन्यात भिवंडीपाठोपाठ जळगाव पेटलं. न्यायमूर्ती मादन आयोगाचा अहवाल त्याची साक्ष आहे. 6 जानेवारी 2013 रोजी धुळ्यात एका खाणावळीतल्या बिलावरून भांडण झालं, दोन्हीकडून दगड आले, आणि पोलिसांच्या गोळीबारात 6 जण मेले. बिल किती रुपयांचं होतं यानं काय फरक पडतो! त्या दुपारी पाहता पाहता माणसांची नावं गेली आणि फक्त जमाव उरले. मी त्या भागात यंदा गेले तेव्हा एका म्हाताऱ्या विणकरानं चहा पाजला आणि एवढंच सांगितलं की त्याच्या गल्लीत पूर्वी गणपतीची वर्गणी मागायला पोरं यायची, आता येत नाहीत. वर्गणी द्यावी लागत नाही याचा त्याला आनंद नव्हता. चाळीसगावला पीर मुसा कादरी बाबांच्या उरुसात अजून दोन्हीकडची माणसं लोटतात, त्या गर्दीत मी धक्के खाल्ले आणि मला बरं वाटलं. पण उरुस वर्षातून एकदा असतो.

आणि राईनपाडा. साक्री तालुक्यातलं हे आदिवासी गाव. 1 जुलै 2018 च्या रविवारी, बाजाराच्या दिवशी, मंगळवेढ्याकडून आलेले नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच भिक्षेकरी तिथे पोचले. मुलं पळवणारी टोळी आली आहे अशा अफवा महिनाभर मोबाईलवर फिरत होत्या. जमावानं त्या पाचही जणांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून ठार मारलं.

त्या पाच जणांबद्दल मी फार विचार केला आहे. दारात झोळी घेऊन येणारा गोसावी, वासुदेव, पिंगळा, नंदीवाला ही सगळी धर्मानं नेमलेली अनोळखी माणसं होती. कोण, कुठला, हे न विचारता ओंजळभर दाणे घालायचे, आणि त्यानं आशीर्वाद देऊन पुढे जायचं. माझ्या आजीनं आयुष्यभर अशा माणसांना दाणे घातले. त्यातल्या एकाचंही नाव तिला माहीत नव्हतं. ही रीत गरिबीवर उभी होती आणि त्या समाजांना पिढ्यान्‌पिढ्या झोळीला बांधणारी होती. ती जशीच्या तशी परत यावी असं मी म्हणणार नाही. त्या मुलांना शाळा हवी, घर हवं, जातीचा दाखला हवा. पण अनोळखी माणूस दारात आला तर त्याच्याशी कसं वागायचं याचा एक सराव त्या ओंजळीत होता. तो सराव सुटला आणि त्याच्या जागी आपण काहीच ठेवलं नाही. तिथे मोबाईल आला, आणि मोबाईलनं सांगितलं की अनोळखी माणूस मुलं पळवतो.

म्हणून धर्म उरला आहे का, यापेक्षा मला हे विचारावंसं वाटतं की त्यातलं काय उरलं आहे. जळगाव-धुळ्याच्या रस्त्यांवर दरवर्षी कमानी उंच होताहेत, मिरवणुकीतले आवाज छातीवर आदळताहेत, झेंड्यांची गर्दी वाढते आहे. रेघ ओढण्याचं काम धर्माकडून जोरात करून घेतलं जातं आहे. ओंजळीचं, घागरीचं काम घराघरांत बाया करत राहतात, आणि त्याची बातमी होत नाही.

मुक्ताईनगरहून ज्येष्ठात मुक्ताबाईंची पालखी निघते. महिन्याहून अधिक चालून ती पंढरपूरला पोचते. मानाच्या पालख्यांत सगळ्यात लांबून येणाऱ्यांपैकी ती एक. वाटेत बीडला आजोबा गोविंदपंतांच्या समाधीपाशी ती थांबते. मी यंदा त्या पालखीबरोबर मुक्ताईनगरपासून थोडं अंतर चालले. माझ्या पुढे डोक्यावर तुळस घेतलेली एक बाई होती, रावेरकडची. ती म्हणाली, "मुक्ताईला आजोबांकडे सोडायला चालले." सातशे वर्षांपूर्वी गेलेल्या मुलीला तिच्या आजोबांच्या घरी नेऊन सोडायचं, आणि त्यासाठी पावसात शेकडो किलोमीटर चालायचं. तिच्या बोलण्यात कुठेही अडखळ नव्हती.

शनिवारी मी माहेरी पोचले तेव्हा रोटाचे गहू मोजायला घेतले होते. ओटा शेणानं सारवलेला, चौरंग धुऊन वाळत घातलेला. आई सुपापुढे बसली होती आणि माझी भाची मोबाईलवर नावं लिहीत होती, कुणी राहू नये म्हणून. ती पुण्यात शिकते, एकोणीस वर्षांची आहे. सुरतेचे तीन, नाशिकचे चार, लष्करातला एक, धाकट्या काकांकडचं नवं बाळ. बाळाचं बारसं अजून व्हायचं होतं, म्हणून आईनं 'बाळ' म्हणूनच मूठ टाकली.

"आणि आत्याची?" भाचीनं विचारलं.

आईनं माझ्याकडे पाहिलं. "तिची तिकडे पडते."

"मग माझी पण तिकडे पडेल? लग्न झालं की?"

आईचा हात गव्हात होता. बाहेर कुणीतरी कण्हेरीची फुलं घेऊन आलं, त्याला तिनं ओट्यावर ठेवायला सांगितलं. मग तिनं मूठ वर काढली, आणि सुपावर तशीच धरून ठेवली.

"किती झाले?" तिनं विचारलं.

"बावीस," भाची म्हणाली. "मी तुला काय विचारलं, आजी?"

"पुन्हा मोज," आई म्हणाली, आणि मूठ अजून मिटलेलीच होती.